चौथ्या सीटचा कायदा

मुंबईच्या लोकलमधला सेकंड क्लासचा बाक तिघांसाठी असतो आणि त्यावर चौघे बसतात. चौथ्याच्या वाट्याला एका मांडीपुरती फळी येते. एक पाय बाकाखाली, दुसरा वाटेत, अर्धे शरीर अधांतरी. तरी तो ती जागा उपकार म्हणून मागत नाही. येतो, तिसऱ्याकडे नुसता बघतो किंवा हाताने जरा सरकायची खूण करतो, आणि तिघे सरकतात. कुणाच्या कपाळाला आठी पडते, कुणी पेपरची घडी लहान करतो, खिडकीतला तर डोळेही उघडत नाही; पण सरकतात. रेल्वेच्या नियमावलीत ही चौथी सीट नाही. नाकारली तर दंड नाही, दिली तर कौतुक नाही. फर्स्ट क्लासच्या डब्यात हाच माणूस चौथी जागा मागायला कचरतो. तिथे हा कायदा चालत नाही, हे त्यालाही ठाऊक असते.

असे कितीतरी कायदे त्या डब्यात आहेत. गर्दीत पाठीवरची सॅक पोटावर घ्यायची. दादरला उतरायचे तर बरेच आधीपासून दाराकडे सरकायला लागायचे आणि पुढच्याला ‘दादर?’ एवढेच विचारायचे. त्याने मान हलवली की त्याच्यामागे आपला नंबर लागला. दारात उभे असलेल्याने, आपले स्टेशन नसले तरी, क्षणभर खाली उतरून उतरणाऱ्यांना वाट द्यायची आणि मग त्याला पुन्हा आधी चढू द्यायचे. उभ्या माणसाची पिशवी रॅकवर जाते ती चार अनोळखी हातांतून आणि त्याचे स्टेशन आले की तशीच खाली येते. बायकांच्या डब्यात व्यवस्था आणखी बारीक. आत शिरलेली बाई बसलेल्यांना ओळीने विचारत जाते, “कुठे उतरणार?” घाटकोपरला उतरणारीची जागा घाटकोपर यायच्या कितीतरी आधी कुणाच्या तरी नावावर लागलेली असते आणि त्यावरून वाद झालाच, तर ‘मी आधी विचारलं होतं’ या वाक्यावर तो मिटतो. लेखी नोंद कुठेच नाही. साक्षीदार मात्र आठ.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. विजेवर चालणारी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत ही सारी आचारसंहिता घडली आणि आज सुमारे ७५ लाख माणसे ती रोज पाळतात. कुठल्या शाळेत ती शिकवली नाही, कुठल्या आजीने सांगितली नाही. नालासोपाऱ्याचा गुजराती, डोंबिवलीचा कोकणस्थ, मुंब्र्याचा मुसलमान, दिव्यात खोली घेऊन राहिलेला जौनपूरचा तरुण, या सगळ्यांच्या घरच्या चालीरीती वेगळ्या. चौथी सीट मात्र सगळ्यांची एकच.

मला हे महत्त्वाचे वाटते, कारण शिष्टाचाराबद्दल आपल्याकडे बोलणे निघाले की गाडी हमखास संस्कारांच्या फलाटाला लागते. ‘हल्लीच्या मुलांना वळण नाही’, ‘घरातूनच शिकवलं पाहिजे’, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’. या म्हणण्यात असे गृहीत धरलेले असते की चांगले वागणे ही माणसाच्या आत भरून ठेवलेली वस्तू आहे. घरात भरली की बाहेर आपोआप सांडत राहते. मग एका गोष्टीचा खुलासा होत नाही. लोकलमध्ये अनोळखी माणसाची पिशवी सांभाळून खाली देणारा गृहस्थ स्टेशनबाहेर येऊन स्कूटर काढतो आणि ती फुटपाथवर घालतो. झेब्रा क्रॉसिंगवर काठी टेकत निघालेल्या म्हातारीला हॉर्न मारतो. अर्ध्या तासात संस्कार बदलत नाहीत, बदलली ती परिस्थिती. डब्यात तो रोज त्याच माणसांना भेटतो, तेवढ्याच घामात उभा असतो आणि आज आपण बसलो तर उद्या आपल्याला कुणीतरी बसवायला हवे, हे त्याला पक्के माहीत असते. नियम मोडला तर दंड जागच्या जागी होतो: टोमणा, कोपर किंवा उद्यापासून त्या घोळक्यात अबोला. रस्त्यावर यातले काहीच नाही. हेल्मेटमधला चेहरा पुन्हा दिसणार नाही, आणि पायी चालणारा आपल्याला काही करू शकत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे: अनोळखी माणसाशी नीट वागण्याची रीत बरोबरीच्या अडचणीतून आणि वारंवार पडणाऱ्या गाठीतून घडते. उपदेशाने ती फार थोडी वाढते. आणि जिथे बरोबरी नाही तिथे ती आपण होऊन येत नाही, कुणीतरी मागावी लागते.

याचा अंदाज गांधीजींना फार पूर्वी आला होता. १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या रेल्वेप्रवासावर त्यांनी एक लहानसे पत्रक लिहिले. त्यात रेल्वे कंपन्यांना त्यांनी झोडपले, आणि डब्यात विड्या ओढणाऱ्या, पान खाऊन तिथेच थुंकणाऱ्या सहप्रवाशांनाही सोडले नाही. पण त्यांचा उपाय सुविचारांच्या पाट्यांचा नव्हता. व्हाइसरॉय, राजेमहाराजे आणि कौन्सिलर यांनी अधूनमधून पूर्वसूचना न देता तिसऱ्या वर्गाने प्रवास करून बघावा, असे त्यांनी सुचवले. ज्यांच्या हातात व्यवस्था आहे त्यांचीही त्या बाकावर मांडी अवघडल्याशिवाय बाक सुधारणार नाही, हा त्याचा अर्थ. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. व्हाइसरॉय त्याच्या कितीतरी आधी देश सोडून गेले. सूचना अजून तशीच पडून आहे.

लोकलचे गोडवे गाताना भान ठेवायला हवे. हीच संहिता दुष्टही होते. विरार गाडीत चुकून चढलेल्या बोरिवलीकराला दारापर्यंत पोहोचूच द्यायचे नाही, हाही तिथला एक ‘कायदा’च. मधल्या स्टेशनांवरची मंडळी आधी उलट्या दिशेने टर्मिनसपर्यंत जाऊन तीच गाडी पकडून बसून येतात, मग टर्मिनसवर ताटकळणाऱ्याला आपल्याच गावातून सुटणाऱ्या गाडीत जागा नसते. यावरून होणाऱ्या मारामाऱ्या कल्याणकरांना आणि बदलापूरकरांना सांगायला नकोत. डब्यातल्या भजनी मंडळाचा टाळ रात्रपाळी करून परतणाऱ्याच्या कानाशी वाजतो तेव्हा भक्ती आणि उद्धटपणा यांत फारसे अंतर राहत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: या लोकलमधून माणसे पडून मरतात. माणसांनी एकमेकांना सांभाळून घेतले की जास्त गाड्या सोडण्याची घाई कुणाला नसते. ‘मुंबई स्पिरिट’ नावाची थाप प्रवाशांच्या याच सोशिक सभ्यतेवर उभी आहे. सभ्यतेने क्षमतेची उणीव झाकायची नसते, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आता संस्कारांकडे. आपल्याकडे रीतीभातींची ददात कधीच नव्हती. शेजारून आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही. निदान चमचाभर साखर घालून द्यायची. पंगतीत सगळ्यांची पाने वाढून झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही आणि शेजारचा जेवत असताना उठायचे नाही. (आता मंगल कार्यालयात जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे पुढचा उभा असतो आणि त्याच्या मठ्ठ्याचे घोट मोजतो. लोकलमधली ‘कुठे उतरणार?’ची रीत तिथेही लागू करायला हरकत नाही.) आजाऱ्याला भेटायला जाताना वेळ पाळायची. मयताच्या घरी जावे, बसावे, फार बोलू नये; आणि निघताना ‘येतो’ म्हणू नये, नुसते उठून चपला घालाव्यात. या शेवटच्या रीतीतला समजूतदारपणा मला फार मोठा वाटतो. दुःखाच्या घरात काय बोलावे हे कुणालाच सुचत नसते. रीत सांगते की सुचण्याची गरजच नाही, तुझे येऊन बसणे पुरेसे आहे. आज सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पडते, त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या चाळीस प्रती एकापाठोपाठ चिकटतात आणि एक्केचाळिसावा संदेश पाण्याचा टँकर आल्याचा असतो. तिथे माणसे वाईट झालेली नाहीत. घरी जाऊन बसण्याच्या जागी काय करायचे, याची रीत अजून पडायची आहे, इतकेच.

पण या सगळ्या देखण्या रीती ओळखीच्यांसाठी होत्या. दारात अनोळखी माणूस आला की आपले पहिले काम त्याला ओळखीचा करून घेण्याचे. ‘कुठले तुम्ही? कुणाकडचे? आडनाव काय?’ वरवर ही आपुलकी आणि पुष्कळदा खरीच आपुलकी. पण आडनाव कळल्याशिवाय पाणी कुठल्या भांड्यातून द्यायचे हे ठरत नसे, हेही तितकेच खरे. म्हणजे आपल्या आतिथ्याच्या तळाशी एक चाळणी होती आणि तिच्यातून गाळून झाल्यावरच ‘अतिथी देवो भव’ सुरू व्हायचे.

मराठी घरांत वळणाचे पुस्तक म्हणून जे पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले ते ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले. त्यातला एक प्रसंग संस्कारांची पोहोच आणि कुंपण एकाच वेळी दाखवतो. एका म्हाताऱ्या महारणीची लाकडांची मोळी रस्त्यात पडली आहे. ती उचलून तिच्या डोक्यावर द्यायला कुणी पुढे होत नाही. आई श्यामला पाठवते. गाव नावे ठेवील हे माहीत असूनही पाठवते. आणि घरी आल्यावर आंघोळ कर, असेही सांगते. मला या आंघोळीवरून त्या माउलीला कमी लेखायचे नाही. तिच्या काळात तिने जितके पाऊल उचलले तितके उचलायलाही छाती लागत होती. पण घरातल्या वळणाची धाव कुठवर असते, हे त्या आंघोळीइतके स्वच्छ कुठेच दिसत नाही. ज्या मुलाला ही शिकवण मिळाली तो लेखक मोठेपणी तिथे थांबला नाही. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजी प्राणांतिक उपोषणाला बसले आणि दरवाजा उघडायला लावला. आईच्या दयेपासून मुलाच्या उपोषणापर्यंतचे जे अंतर आहे तेच शिष्टाचाराच्या प्रश्नाचे मर्म आहे. दया वरून खाली जाते. शिष्टाचाराला दोन्ही माणसे एका पातळीवर उभी असावी लागतात.

कोल्हापूरचे शाहू महाराज ही बरोबरी उपदेशाशिवाय करून दाखवत. पाण्याला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी भरवस्तीत चहाचे हॉटेल काढायला लावले. तिथे चहा प्यायला सवर्ण येईनात, तेव्हा राजे स्वतः तिथे गाडी थांबवू लागले आणि सर्वांदेखत चहा घेऊ लागले. बरोबरच्या मंडळींना नाही कसे म्हणता येणार? कपाला ओठ लावावाच लागला. राजाच्या पंगतीचा शिष्टाचार त्यांनी अस्पृश्यतेच्या शिष्टाचारावर घातला आणि दुसऱ्याला चीत केले. एका कप चहात इतके राजकारण दुसऱ्या कुणाला साधल्याचे मला आठवत नाही.

शहराने आडनावाच्या त्या चाळणीची भोके मोठी केली. लोकलमध्ये चौथ्याचे आडनाव विचारून सरकता येत नाही; तेवढा वेळच नसतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात शहरी माणसाची एक बारीक कला टिपली आहे. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला क्षणभर बघायचे, ‘तू दिसलास’ एवढे त्याला कळू द्यायचे, आणि लगेच नजर काढून घ्यायची. त्यात मान आहे आणि मोकळीकही आहे. आपल्याला हे मधले माप अजून नीट जमलेले नाही. आपल्याकडे एक तर रोखून बघतात किंवा समोर माणूस आहे हेच दिसत नाही. रोखून बघणे काय असते हे कुठल्याही मुलीला विचारावे. पश्चिम रेल्वेवर १९९२ साली चर्चगेट-बोरिवली अशी सबंध गाडीच बायकांसाठी सुरू करावी लागली, ती केवळ गर्दीमुळे नव्हे. न दिसण्याकडे मी शेवटी येणार आहे.

त्याआधी फोनबद्दल थोडे सांगायला हवे, कारण शिष्टाचार एका पिढीत कसे घडतात, मोडतात आणि पुन्हा घडतात, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. चाळीत एखाद्याकडेच फोन. बाकीच्यांच्या लग्नपत्रिकेवर त्याचाच नंबर आणि पुढे कंसात ‘पीपी’, म्हणजे शेजाऱ्याकडचा फोन. या पीपी नंबरभोवती एक सबंध आचारसंहिता उभी राहिली होती. रात्री नऊनंतर करायचा नाही. दुपारी झोपेच्या वेळी करायचा नाही. पहिल्या फोनवर फक्त ‘जरा तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांना बोलावता का, पाच मिनिटांनी पुन्हा करतो’ एवढेच म्हणून ठेवून द्यायचा, म्हणजे शेजाऱ्याची लाइन अडत नाही. बोलायला आलेल्याने दारातच उभे राहून, हळू आवाजात, कामापुरते बोलायचे. फोनवाल्यांच्या घरच्यांनी त्या वेळी आवर्जून स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायचे. ऐकू सगळेच यायचे, पण ऐकल्याचे दाखवायचे नाही. दिवाळीला त्या घरी फराळाचे ताट थोडे भरगच्च जायचे. हिशेब असा चुकता व्हायचा.

मग ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. सुरुवातीची काही वर्षे येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. म्हणजे कुणाला फोन करणे हे त्याच्या खिशात हात घालणेच होते. त्यातून मिस्ड कॉल जन्माला आला. ‘पोचलो’साठी एक रिंग, ‘खाली ये’साठी दोन. गरिबाच्या घरात इतका सुबक शिष्टाचार क्वचितच घडला असेल: निरोप पोचतो, कुणाचेच पैसे जात नाहीत. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि हा सगळा संकोच वाहून गेला. कुणीही, कुणालाही, केव्हाही. समोरचा उचलत नसेल तर पुन्हा. पुन्हा. ‘अहो, चार वेळा केला!’ ही तक्रार फोन न उचलणाऱ्याविरुद्ध होऊ लागली, चार वेळा करणाऱ्याविरुद्ध नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या आणि वाचून उत्तर न देणे हा नवाच गुन्हा जन्माला आला.

आणि आता बघा. पंचविशीतली मुले फोन करण्याआधी संदेश पाठवतात: ‘दोन मिनिटं बोलू का?’ याचा घरातल्या वडीलधाऱ्यांना राग येतो. ‘आता सख्ख्या काकांशी बोलायलाही अपॉइंटमेंट?’ मला मुले बरोबर वाटतात. त्यांनी कळत-नकळत पीपी नंबरची जुनी मर्यादा परत आणली आहे: समोरच्याच्या वेळेचा दरवाजा आधी वाजवायचा. ज्यांनी रात्री नऊनंतर शेजाऱ्याकडे फोन करायचा नाही हे स्वतः पाळले, त्यांना हे ओळखू येऊ नये याची गंमत वाटते. वळण नाहीसे झालेले नाही, ते नव्या पिढीकडे नव्या कपड्यांत आहे. उलट डब्यात, दवाखान्यात, विमानतळावर स्पीकर लावून मोठ्याने व्हिडिओ बघणाऱ्यांत पांढऱ्या केसांची संख्या कमी नसते. इथे पुन्हा तेच कारण. मुले दिवसभर एकमेकांना संदेश पाठवतात, एकमेकांच्या त्रासाचा अनुभव घेतात आणि नियम घडवतात. ज्येष्ठांच्या हातात यंत्र आले, पण त्यावरून टोकणारी बरोबरीची माणसे आजूबाजूला नव्हती. मोठ्यांना टोकायचे नाही, हा जुना शिष्टाचार इथे नव्याच्या आड आला.

आता न दिसण्याबद्दल. मोठ्या शहरांतल्या अनेक गृहसंकुलांत लिफ्टजवळ पाटी असते: घरकामगार, डिलिव्हरीवाले आणि सामान वाहणाऱ्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी. ही पाटी लावणारी माणसे असभ्य नसतात. लिफ्टमध्ये दुसरा रहिवासी आला तर दार धरून ठेवतात, ‘आधी तुम्ही’ म्हणतात, गणपतीत एकमेकांच्या घरी आरतीला जातात. त्यांचा शिष्टाचार चोख आहे आणि तो लिफ्टच्या दाराशी संपतो. वॉचमन रोज सकाळी उठून सलाम करतो, त्याला मान हलवून उत्तर देणारे किती? घरी येणाऱ्या बाईंना ‘मावशी’ म्हणायचे आणि चहा वेगळ्या ठेवलेल्या कपात द्यायचा, हे दृश्य फार दूर जाऊन शोधावे लागत नाही. नाते लावले की हक्क विचारावे लागत नाहीत, ही ‘मावशी’ची सोय आहे. सुट्टी मागितली की मावशीची पुन्हा कामवाली होते. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. त्या कायद्यात ‘मावशी’ हा शब्द कुठे येत नाही, कामगार येतो.

लोकलमध्ये जे झाले ते इथे का होत नाही, हे वरच्या सूत्राने कळते. गाठ तर रोज पडते. पण अडचण एका बाजूलाच आहे. मालकिणीला कधीच त्या सर्व्हिस लिफ्टमधून सिलिंडरबरोबर वर यावे लागत नाही. बाहेरून जेवण मागवणारा आणि आणणारा यांच्यात तर ती रोजची गाठही नाही; दर वेळी नवा चेहरा. तिथे कंपन्यांनी शिष्टाचाराच्या जागी तारे आणले: पाचपैकी किती? चहाच्या टपरीवर मालक तुमचा चेहरा ओळखून साखर कमी घालायचा. इथे माणूस चुकला की तुम्ही बोलत नाही, बोटाने तारा कापता, आणि त्याची शिक्षा त्याला तुमच्या डोळ्यांआड होते. तोंडावर खडसावणे यापेक्षा सभ्य म्हणायला हवे, निदान त्याला उत्तर देण्याची संधी असते.

‘माणसाला पोटाला द्या, अहो-जाहो करून कुणाचे पोट भरते?’ असा एक जोरदार आक्षेप यावर घेतला जातो आणि तो घेणारे बहुधा प्रामाणिक असतात. पगार आधी, हे मला मान्य आहे. पण ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी या दोन गोष्टी अशा वेगळ्या काढल्याचे दिसत नाही. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली, तेव्हा तिच्या पहिल्या लढायांमधली एक ओळखपत्राची होती. भंगार वेचणाऱ्या बाईला चोर समजून हटकले जाऊ नये, ती काम करते आहे हे समोरच्याला दिसावे, म्हणून. पुढे घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेकडे आले, आणि त्यांची एक साधी मागणी आहे: वापरलेली सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळ्या कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून द्या, म्हणजे हाताने कचरा निवडताना ती उघडावी लागणार नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांतही असा कचरा नीट गुंडाळून देणे हे निर्माण करणाऱ्याचे कर्तव्य म्हणून लिहिले होते. त्या लाल ठिपक्याला किती खर्च येतो? एक जुने वर्तमानपत्र आणि स्केचपेन. तो काढला की ज्या बाईचा चेहरा आपण कधी पाहिला नाही तिच्या हातांचा विचार आपण केलेला असतो. आधुनिक शहरातल्या शिष्टाचाराची याहून नेमकी कसोटी मला सुचत नाही. टेबलावर काटा डावीकडे की उजवीकडे, यापेक्षा तर नक्कीच नेमकी. आणि हा ठिपका कुठल्या संस्कारवर्गातून आला नाही. ज्यांना त्रास होत होता त्यांनी संघटना बांधली आणि तो मागितला.

म्हणून घरातल्या मुलांना ‘थँक्यू म्हण’, ‘नमस्कार कर’ हे जरूर शिकवावे, पण शिष्टाचार घडवण्याचा फार मोठा भार त्यावर टाकू नये. ज्या ठिकाणी माणसे बरोबरीने उभी राहत नाहीत ती ठिकाणे बदलणे अधिक उपयोगाचे, आणि त्यातली बरीचशी आपल्या अखत्यारीतली आहेत. सोसायटीची वार्षिक सभा दर वर्षी भरते. पार्किंग, गळती आणि गणपतीची वर्गणी यांत ती संपते. त्यात एक विषय वाढवता येईल: लिफ्टजवळची ती पाटी काढणे. विरोध होईल. कुणी स्वच्छतेचे कारण सांगेल. सामानासाठी वेगळी लिफ्ट ठेवा, माणसांसाठी नको, एवढे त्याला उत्तर पुरेल. कुणी सुरक्षिततेचे कारण सांगेल. त्यांना सभेत उभे राहून विचारावे, की ज्या बाईंकडे तुमच्या घराची किल्ली असते, तुम्ही ऑफिसात असताना ज्या तुमच्या आईला औषध देतात, त्यांच्यासोबत नऊ मजले एका लिफ्टमध्ये उभे राहण्यात नेमका धोका कोणता आहे. आणि जे उत्तर येईल ते नावासह सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे.